‘बायबलच अंतिम’ म्हणजे नेमकं काय? अँग्लिकन चर्च फुटीच्या उंबरठ्यावर का आलं?

कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांची निवड ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाली. चौदाशेहून अधिक वर्षांच्या परंपरेत या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या महिला. धर्मसेवेत पूर्णवेळ येण्याआधी त्या नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारीही होत्या. त्यानंतर अवघ्या १३ दिवसांत ‘गॅफकॉन’ या पुराणमतवादी अँग्लिकन गटाने जाहीर केलं, की कँटरबरीचं नेतृत्व आम्हाला मान्य नाही. आमच्या एकीचा पाया एकच, पवित्र बायबल.

महिला आर्चबिशप झाल्या म्हणून हे भांडण पेटलं, असं बातमीवरून वाटू शकतं. पण ठिणगी जुनी आहे आणि मूळ प्रश्न वेगळा आहे.

आधी हे चर्च समजून घेऊ

रोमन कॅथलिक चर्चमध्ये वाद झाला तर शेवटचा शब्द पोपचा. अँग्लिकन मंडळींत असं कुणीच नाही. इंग्लंडच्या चर्चपासून जगभर पसरलेली ४२ स्वायत्त चर्चेस एका कुटुंबासारखी एकत्र आहेत. कँटरबरीचे आर्चबिशप त्यांत मानाचे पहिले, पण नायजेरिया किंवा केनियाच्या चर्चला ते हुकूम देऊ शकत नाहीत.

१९९८ मध्ये या सगळ्यांच्या बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेत समलिंगी संबंध बायबलशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी झाला. तो कुणावर बंधनकारक नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले धर्मगुरू बिशप झाले. त्यानंतर २००८ मध्ये जेरुसलेममध्ये गॅफकॉनचा जन्म झाला. २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना परवानगी दिली आणि दोर आणखी ताणला गेला.

आता गॅफकॉनने आपल्या चर्चेसना सांगितलंय, की कँटरबरीने बोलावलेल्या बैठकांना जायचं नाही, तिथल्या मध्यवर्ती मंडळाला पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा फोर्क झाला. गंमत अशी, की गॅफकॉन स्वतःला नवी शाखा म्हणायला तयार नाही. आम्ही बाहेर पडलेलो नाही, खरे अँग्लिकन आम्हीच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कोडची नवी प्रत काढली आणि मूळ नावावरही हक्क सांगितला.

मग दुसरी बाजू बायबल मानत नाही का?

मानते. मोक्षासाठी लागणारं सगळं बायबलमध्ये आहे, त्यात नसलेली गोष्ट कुणावर श्रद्धा म्हणून लादता येणार नाही, हे इंग्लंडच्या चर्चने सोळाव्या शतकातच आपल्या ३९ कलमांत लिहून ठेवलंय. खरी लढाई आहे ती वाचायचं कसं याची.

गॅफकॉनचा आग्रह असा, की बायबल त्याच्या सरळ अर्थाने वाचा आणि पाळा. ऐकायला सोपं वाटतं. पण महिलांचाच प्रश्न घ्या. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, असं पौल म्हणतो. गलतीकरांच्या पत्रात मात्र ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद नाही, असं सांगतो आणि रोमकरांच्या पत्रात फीबी नावाच्या बाईला मंडळीची सेविका म्हणून गौरवतो. यातलं कोणतं वाक्य नियम आणि कोणतं त्या काळापुरतं?

खुद्द गॅफकॉनमध्ये यावर एकमत नाही. नायजेरियाचं चर्च महिलांना धर्मगुरू करत नाही, युगांडाचं करतं आणि केनियात तर महिला बिशप आहेत. एवढा मतभेद पोटात घालून हा गट एकत्र राहू शकतो, पण समलिंगी जोडप्यांसाठीच्या प्रार्थनेवर नाही. माझ्या मते, या वादात सर्वात कमी विचारला गेलेला प्रश्न हाच आहे.

इतिहासातही असे सांधे बदललेत. १९२० च्या लॅम्बेथ परिषदेने कृत्रिम संततिनियमनाला विरोध केला आणि दहाच वर्षांत, १९३० मध्ये, त्याला मर्यादित मुभा दिली. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाही, असं १८८८ मध्ये ठरलं होतं. आफ्रिकेत याचा अर्थ काय होता? बाप्तिस्मा हवा तर एक सोडून बाकीच्या बायकांना घराबाहेर काढा. त्या बायका-मुलांचं पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. शेवटी १९८८ मध्ये अटी घालून अशा कुटुंबांना दार उघडलं. बायबल तेच होतं.

पुराणमतवाद्यांचा मुद्दाही हलका नाही. प्रत्येक पिढी आपल्या सोयीने अर्थ लावणार असेल तर ग्रंथाला अधिकार उरतो कुठे, असं ते विचारतात. शिवाय आज अँग्लिकनांची सर्वात मोठी गर्दी आफ्रिकेत आहे. निर्णय लंडनमध्ये व्हायचे आणि आम्ही मान डोलवायची, हा वसाहतकाळ संपला, असा सूरही त्यामागे आहे.

पण अर्थ लावण्याची किंमत माणसं मोजतात. २०२३ मध्ये युगांडात समलिंगी संबंधांविरुद्ध कडक कायदा झाला. काही प्रकरणांत त्यात फाशीचीही तरतूद आहे. तिथल्या अँग्लिकन आर्चबिशपांनी फाशीला विरोध केला, कायद्याचं मात्र स्वागत केलं.

हा वाद मराठीला नवा नाही

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्येच बाप्तिस्मा घेतला. पण चर्च सांगतं म्हणून प्रत्येक सिद्धांत मान्य करायला त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसऱ्याचं घेणार नाही, बायबल स्वतः वाचून पटेल तेच मानेन, असा त्यांचा पवित्रा होता. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावात अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत ते काम चालू होतं.

रमाबाईंच्या हातात ‘बायबलच अंतिम’ ही भूमिका बिशपांपासून सुटकेची वाट होती. आज तीच भूमिका घेऊन काही चर्चेस महिलेला बिशप व्हायला नकार देतात.

दुसरा धागा नागपूरचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथे त्याचे धर्मप्रांत आहेत आणि ते अँग्लिकन कुटुंबाचंही सदस्य आहे. त्या सहांमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे जाणत्या वयातच बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्टही होते. दोघांकडे बायबलची वचनं होती. तोडगा असा निघाला, की दोन्ही पद्धती वैध, निवड कुटुंबाची. ५५ वर्षांनंतरही ती व्यवस्था टिकून आहे. आणि दक्षिणेतल्या ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ने तर २०१३ मध्येच महिला बिशप नेमली. इंग्लंडला ते जमायला २०१५ उजाडावं लागलं.

पुढे काय?

गॅफकॉनचे बिशप मार्च २०२६ मध्ये नायजेरियात अबुजा इथे जमणार आहेत. मुलाली यांचा कँटरबरीतला पदग्रहण सोहळाही त्याच महिन्यात आहे. कँटरबरीचं महत्त्व कमी करून नेतृत्व वाटून घ्यावं, असा एक प्रस्ताव अधिकृत मंडळापुढेही आहे. त्यावर २०२६ च्या उन्हाळ्यात बेलफास्टमध्ये चर्चा अपेक्षित आहे. कँटरबरीच्या सोहळ्यात आफ्रिकेतल्या आर्चबिशपांच्या किती खुर्च्या रिकाम्या राहतात, त्यावरून बेलफास्टमध्ये समेटाला कितपत जागा उरली आहे याचा अंदाज येईल.