सावली नाहीशी होते तेव्हा शाळा बंद असते

सिंदखेडराजाहून मेहकरकडे निघाले की राहेरीचा पूल मागे पडतो आणि दुसरबीड येते. जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचे हे गाव विसाव्या अक्षांशाच्या अगदी लगत आहे. त्यामुळे दरवर्षी 20 मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी, येथे एक गंमत घडते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ताठ उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात या गावी तो वर्षातून दोनदाच डोक्यावर येतो, आणि तेही घड्याळाच्या बाराला नाही. पहिल्या खेपेला शाळेला सुट्टी असते. दुसरी खेप 23 जुलैच्या सुमारास, तेव्हा आभाळ भरून आलेले असते.

2024 च्या मे महिन्यात नेमका याच दिवसांत मी दुसरबीडच्या थांब्यावर चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ मोबाइल टेबलावर उभा करून बसले होते. पडद्यावर कोणीतरी तळमळीने बोलत होते, पण आवाज बंद होता. मी सहज चौकशी केली. जवळच्याच एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे ते शिक्षक निघाले.

"ट्रेनिंग चालू आहे साहेब. हा व्हिडिओ पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही."

"विषय कोणता, सर?"

"कृतीतून विज्ञान," ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो.

मी त्यांना बाहेर उन्हात नेले. थांब्याच्या लोखंडी खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा झाली होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांची किती प्रशिक्षणे झाली, हे त्यांनाही सांगता येईना. पण आपल्या गावात हे असे घडते, ही गोष्ट त्यांना त्यांपैकी एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. त्यांचा चेहरा तेव्हा आठवीतल्या मुलासारखा झाला होता. या माणसाला शिकण्याची इच्छा नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते मी मान्य करणार नाही.

शिक्षकांना 'तीन महिन्यांच्या सुट्ट्या' मिळतात, असे गावात कुत्सितपणे बोलले जाते. जरा हिशेब मांडून पाहू. त्या वर्षी बुलडाणा मतदारसंघात 26 एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले. हे सर त्या कामावर होते. त्यानंतर निकालपत्रके, पटनोंदणी, मग हे प्रशिक्षण. मध्ये पुतणीचे लग्न आणि चार एकरांची नांगरट. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ व निवड श्रेणी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला बांधलेली असते. म्हणजे प्रमाणपत्र नाही तर पगारवाढ नाही. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षेची दोन वर्षांची मुदत घातली. तेव्हा उन्हाळा आला की शिक्षक अभ्यासाला बसतो हे खरे, पण तो अभ्यास त्याच्या वर्गाचा नसतो.

मी हयात बँकेत घालवली. बँकेत आम्हालाही प्रशिक्षणाला पाठवत. सहा दिवस, प्रवासभत्ता, वसतिगृह, आणि मुख्य म्हणजे ते दिवस कामाचे धरले जात. त्यातली निम्मी व्याख्याने मी झोपेत ऐकली, हे आता कबूल करायला हरकत नाही. पीककर्ज म्हणजे काय हे मला एका दिवशी कळले, ज्या दिवशी प्रशिक्षकाने आम्हाला बसमध्ये घालून एका कपाशीच्या शेतात नेऊन सोडले आणि सांगितले, "उत्पन्नाचा अंदाज लिहून आणा." आम्ही वीस अधिकारी आणि अंदाज वीस. शेतकरी बांधावर उभा राहून हसत होता. त्यानंतर मी कर्जाचा अर्ज कधीही नुसता टेबलावर बसून मंजूर केला नाही.

विज्ञान शिक्षकाच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या देशाला ठाऊक नव्हती, असे नाही. 1957 साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेने आपल्या शाळांतल्या विज्ञानाकडे धसका घेऊन पाहिले. तेथे उन्हाळी शिबिरांचे पीक आले, आणि 1963 पासून अमेरिकन साहाय्याने आपल्याकडेही विज्ञान शिक्षकांसाठी तशी शिबिरे सुरू झाली. त्या शिबिरांतला मजकूर विद्यापीठातून खाली येणारा होता. शिक्षकाने तो घ्यावा आणि जाऊन मुलांना द्यावा.

खरा बदल पुढच्या दशकात आपल्या अगदी शेजारी झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. ही मंडळी मुंबईत बसून राहिली नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, खिरोद्याला गेली आणि ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करू लागली. केंद्राच्या या काळातल्या कामातून एक विलक्षण साधी गोष्ट हाती आली. मुले विज्ञानात अडत होती, त्यातला मोठा भाग विज्ञानाचा नव्हताच. तो पुस्तकी मराठीचा होता. 'द्रव्याची अवस्था' म्हटल्यावर ज्या मुलाच्या कपाळावर आठ्या पडत, तेच मूल घरी तूप थिजताना रोज पाहत होते. भाषा सोपी केली की गाडी पुढे सरकत असे. हे शोधायला मुंबईचा शास्त्रज्ञ पुरेसा नव्हता आणि एकटा गावचा शिक्षकही नाही. दोघे एका बाकावर बसावे लागले.

सातपुड्याच्या पलीकडचे उदाहरण याहून मोठे आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने 1972 साली सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला घेतले. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला. 1982 मध्ये 'एकलव्य' ही संस्था त्यासाठी उभी राहिली. उन्हाळ्यात शिक्षकांची सुमारे तीन आठवड्यांची शिबिरे भरत. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा संस्थेतले लोक तेथे येत, पण व्याख्यान द्यायला नव्हे. मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग शिक्षकाने आधी स्वतःच्या हाताने करायचा, तो फसला तर का फसला यावर वाद घालायचा. आणि शिबिर संपले की विषय संपत नसे. वर्षभर मासिक बैठका होत, शाळाभेटी होत, परीक्षासुद्धा पुस्तक उघडे ठेवून आणि प्रयोग करून घेतली जाई. पुण्याच्या टेल्कोतून अभ्यासरजा घेऊन गेलेले अभियंते अरविंद गुप्ता तेथेच काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीची खेळणी करायला लागले. ती पुढे जगभर गेली.

2002 साली मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली, शासनाच्याच शाळांतली गोष्ट एका निर्णयाने थांबली. कार्यक्रमात उणिवा नव्हत्या असे नव्हे. नाखुशीने आलेले शिक्षक तेथेही होतेच, आणि बाहेरून येणाऱ्या शास्त्रज्ञांच्या उत्साहावर जिल्हा किती वर्षे चालवायचा, हा प्रश्न खोटा नव्हता. परंतु शिबिर आणि वर्षभराची सोबत या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या तर काहीच उरत नाही, एवढे तेथे सिद्ध झाले होते.

आपण नेमकी तीच तोडली. 2019 मध्ये केंद्राचा 'निष्ठा' कार्यक्रम आला, कोविडच्या वर्षी तो 'दीक्षा'वर ऑनलाइन झाला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. आकडा चांगला आहे. पण तास मोजणे सोपे असते म्हणूनच ते मोजले जातात, हा माझा बँकेतला अनुभव. आम्हीही मेळाव्यात किती कर्जे वाटली ते मोजत होतो. कोणाच्या विहिरीला पाणी लागले, ते नंतर वसुलीला गेल्यावर कळत असे.

दुसरबीडच्या शिक्षकाला मुंबई-पुण्याला नेण्याचीही फारशी गरज नाही. बीबी, सुलतानपूरच्या रस्त्याने तासाभराच्या आत लोणार आहे. काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर. त्यातले पाणी अल्कधर्मी आणि खारे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. नोव्हेंबर 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत गेले. आम्ल-अल्क, सूक्ष्मजीव, खडक, चुंबकत्व, सातवी-आठवीचे कितीतरी धडे एका खड्ड्यात उतरून शिकता येतात. अभयारण्य असल्यामुळे दगड उचलून आणता येणार नाही, पण होकायंत्र घेऊन फिरता येईल. आपल्या जिल्ह्यातली मुले तेथे सहलीला जातात, डबा खातात आणि दैत्यसुदनाचे मंदिर पाहून परततात. शिक्षकालाच तेथे कोणी काही दाखवले नसेल, तर तो मुलांना काय दाखवणार?

सवयीने मी खर्चाचा अंदाज केला. वीस शिक्षक, पाच दिवस, माणशी दिवसाला 600 रुपये धरले तर 60 हजार. साहित्य आणि बस 20 हजार, बाहेरून येणाऱ्या दोघा-तिघांचे जाणे-येणे 20 हजार. एक लाखात तालुक्याचे शिबिर होते. वेळ सकाळी सात ते साडेबारा. उन्हाचा तडाखा असला तरी शेवटच्या अर्ध्या तासात काठीची सावली मोजायची आहे. हे पाच दिवस कामाचे धरून तेवढी रजा शिक्षकाच्या खात्यात जमा करावी. आणि दर महिन्याला एक शनिवार त्याच वीस जणांनी पुन्हा भेटावे, ज्याचा प्रयोग फसला त्याने आधी बोलावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला हे अशक्य नाही. फक्त पडद्यावर किती मिनिटे पाहिली, याचा हिशेब तिच्याकडे मागितला जाऊ नये.

त्या सरांशी मी संपर्क ठेवला. 23 जुलैला त्यांनी वर्गातल्या मुलांना मैदानात नेऊन पाइपचा तुकडा उभा केला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"साहेब, सावली पडली नाही. पण ऊनच नव्हतं. आता पोरं भांडायला लागली, याला पुरावा म्हणायचं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हटलं, उद्या परत बघू."