प्रार्थनेनंतर तहसील कचेरी

गेल्या फाल्गुनात दोंडाईच्याच्या मिरची बाजारात देठं खुडणारी एक बाई माझ्यासोबत निराधार योजनेचा अर्ज भरायला शिंदखेड्याला आली. बोटांची आग थांबत नव्हती, म्हणून कागद तिने पदरात धरला होता. नवरा गेलेला, सासरने दार लावून घेतलेलं. खिडकीवरून दुसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माले कोन इचारस?"

१. तिला विचारणारी संघटना तालुक्यात हवी, आणि ती बायकांची हवी. पंडिता रमाबाईंनी हे काम करून दाखवलं आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा आणल्या आणि दौंडजवळ केडगावला 'मुक्ती' उभी केली. तिथे दोन घास मिळाले की काम संपलं, असं नव्हतं. शेती, विणकाम, छपाई, सगळं मुली शिकल्या. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले.

२. रमाबाई सरकारशी बोलल्या, हे आम्ही ख्रिस्ती बायकाही विसरतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर मागितल्या. तेव्हा त्या ख्रिस्तीही झालेल्या नव्हत्या. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या कारभाराबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड तक्रार केली. आमच्या मंडळीत मात्र सभेत एखाद्या बहिणीचं नाव घेऊन प्रार्थना केली, की जबाबदारी उतरल्यासारखं वाटतं. ते मला पटत नाही.

३. धर्मांतराची शंका लोक घेणारच. १८९३ मध्ये याच वादात रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणून आम्ही आधीच सांगावं: अर्ज भरून देताना कुणाचा धर्म विचारणार नाही, आणि मदतीच्या बदल्यात काही मागणार नाही.

४. पैसा कुठून आणायचा? १९५६ मध्ये शांती सॉलोमन या भारतीय बाईला कोरियाचा व्हिसा नाकारला गेला. सीमा अडवते ती माणसाला, प्रार्थनेला नाही, या विचारातून त्यांनी सुचवलं की प्रत्येकीने प्रार्थना करावी आणि आपल्या देशातलं सर्वांत लहान नाणं बाजूला टाकावं. गरीब बाईलाही जमावं, म्हणून लहान. ती चळवळ कितीतरी देशांत गेली. आमच्या तालुक्यात एका बाईचं बसभाडं आणि झेरॉक्स एवढं तरी अशा नाण्यांतून निघेल.

५. आता मागणी. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे दिवसाला जेमतेम ५७ रुपये. रोजगार हमीची मजुरी ३०० रुपयांच्या आसपास आहे. बाई सत्तर दिवस कामावर गेली, की मर्यादा संपली. जी राबते तिलाच यादीतून काढणारी ही अट बदलली पाहिजे. हे आमदारांना, पालकमंत्र्यांना लेखी कळवायचं, आणि एका धर्माच्या नव्हे, सगळ्या बायकांच्या सह्यांनी.

६. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता गिरवायचं परिपत्रक काढलं. तसा ठराव आपल्या गावागावांत हवा. त्यासोबत एकल बायकांची यादी ग्रामपंचायतीत लागावी, आणि दाखल्यांचं शिबिर आठवडे बाजाराच्या दिवशी दोंडाईच्यात भरावं, म्हणजे एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडणार नाही.

जागतिक प्रार्थना दिन मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. तेव्हा मिरचीचा हंगाम चालू असतो. येत्या वर्षी सभा आटोपल्यावर आम्ही थेट तहसील कचेरीत जाणार आहोत. त्या बाईचा अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे.