परत घेता येईल असा दाखला

धानाची मळणी आटोपून हातात चार पैसे आले आणि तुळशीचे लग्न लागले की बालाघाट जिल्ह्यात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेची रेती, गिट्टी आणि सळयांचे भारे ट्रॅक्टरवर लादून गावोगाव जाऊ लागतात आणि वारासिवनीपासून लांजीपर्यंत घर बांधायला निघालेला प्रत्येक जण एकच विचारतो: चांगला मिस्त्री कोण? उत्तर सोयऱ्याधायऱ्यांकडून मिळते. मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर होते तोवर ही रीत पुरत होती, कारण त्या घराची चूक पहिल्याच पावसाळ्यात गळू लागायची आणि मिस्त्रीचे नाव पंचक्रोशीत खराब व्हायचे. सिमेंट-लोखंडाच्या घराची चूक प्लास्टरखाली वीस-पंचवीस वर्षे दडून बसते. ती बाहेर येते तेव्हा मिस्त्री, ठेकेदार आणि नकाशावर सही करणारा इंजिनियर तिघेही पांगलेले असतात. म्हणून बांधकामाच्या व्यवसायात प्रमाणपत्र हवे, असे आमचे म्हणणे आहे. मात्र ते कोणत्या प्रकारचे असावे, यावर आमचा आग्रह जास्त आहे.

चूक कशी दडते ते एका रिंगेत पाहता येते. कॉलमच्या उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर जी चौकोनी रिंग बांधतात, तिची दोन्ही टोके १३५ अंशांत वाकवून काँक्रीटच्या गाभ्यात शिरली पाहिजेत, असे भूकंपात टिकणाऱ्या बांधकामासाठीचे भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगते. कितीतरी साइटवर ती काटकोनात वाकवून सोडून देतात, कारण तसे काम पटापट उरकते. एरवी त्याने काही बिघडत नाही. जमीन हादरली की कॉलमवरचे बाहेरचे काँक्रीट झडते, काटकोनातले टोक उघडते, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. यात वाचवले काय, तर रिंगेमागे काही सेंटिमीटर सळई आणि मनगटाचा एक जोर. पाण्याचेही तसेच. माल सरसर पसरावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त ओतले की स्लॅबची ताकद तिथेच घटते. आणि जे पाणी खरोखर लागते, म्हणजे स्लॅबवर किमान सात दिवस आणि कोरड्या उन्हात दहा दिवस मारायचे, ते चौथ्या दिवशीच बंद होते. आपला मुलूख भूकंपाचा नाही, हे समाधान जबलपूरने २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर काढून घेतले. त्या धक्क्यात सुमारे ४० माणसे गेली. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखाली जवळजवळ आठ हजार गेली होती, आणि तो भागही सुरक्षितच समजला जात होता.

मग ती रिंग पाहायची कुणी? वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा, आर्किटेक्टसाठी १९७२ चा. सिव्हिल इंजिनियरसाठी देशव्यापी परवान्याचा तसा कायदा नाही. आर्किटेक्टच्या कायद्याची धाव किती, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले: नोंदणीशिवाय ते बिरुद लावता येत नाही, काम करायला मात्र मनाई नाही. महाराष्ट्रात तर गंमतच आहे. २०२३ पासून तिथे फ्लॅट विकणाऱ्या एजंटला महारेराची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्याच फ्लॅटचा स्लॅब टाकणाऱ्या ठेकेदाराला तशी कोणतीच परीक्षा नाही. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यावा, अशी चांगली तरतूद आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला तिथे नोंदणी लागत नाही, आणि स्वतःच्या प्लॉटवर स्वतःपुरते घर बांधणारा तर त्या चौकटीतच येत नाही. आपल्याकडची बहुतेक घरे याच सुटीत बसतात. मध्यप्रदेशच्या २०१२ च्या भूमी विकास नियमांत तांत्रिक व्यक्तींच्या नोंदणीची सोय आहे, नकाशावर त्यांची सही लागते. पण सही होते ती नकाशावर. ती करणाऱ्याने साइटवर पाऊल टाकलेच असेल असे नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही नवे नाही.

इतरत्र हा प्रश्न मोठ्या किमतीने सुटला. टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ ला गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण दगावले, त्यात बहुतेक मुलेच. त्याच वर्षी त्या राज्याने इंजिनियरांना परवाना सक्तीचा केला. परवान्याचा खरा उपयोग मात्र कॅन्सस सिटीत कळला. तिथल्या हयात रिजन्सी हॉटेलातले टांगते पादचारी मार्ग १७ जुलै १९८१ ला कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा मार्ग एकाच लांब रॉडला टांगलेला होता. बांधण्याच्या सोयीसाठी एकाचे दोन रॉड झाले, आणि वरच्या मार्गाच्या जोडावर भार दुप्पट पडला. बदल कागदोपत्री मंजूर झाला, हिशेब कुणी मांडला नाही. फौजदारी शिक्षा कुणालाही झाली नाही. पण मिसुरी राज्याच्या परवाना मंडळाने चौकशी करून जबाबदार इंजिनियरांचे परवाने काढून घेतले. कॅनडाने वेगळी वाट धरली. क्वेबेकचा पूल १९०७ मध्ये बांधता बांधता कोसळून ७५ कामगार मेले होते. १९२५ पासून तिथले नवे इंजिनियर शपथ घेऊन बोटात लोखंडी अंगठी घालतात. तो विधी लिहून दिला रुडयार्ड किपलिंगने, आपले सिवनीचे जंगल आणि वैनगंगा जगभर पोचवणाऱ्याने. शपथ चांगलीच, तरी आमचा कल मिसुरीच्या मंडळाकडे आहे.

तसे मंडळ नसले की काय होते ते आपल्याच राजधानीत दिसले. भोपाळमधील ऐशबागचा उड्डाणपूल ‘नव्वद अंशांचा पूल’ म्हणून समाजमाध्यमांवर गाजला, तेव्हा जून २०२५ मध्ये सात इंजिनियर निलंबित झाले आणि बांधणारी कंपनी काळ्या यादीत गेली. प्रकरण उच्च न्यायालयात पोचल्यावर तज्ज्ञांनी मोजले, तर वळण ११८-११९ अंशांचे निघाले. म्हणून तो पूल उत्तम होता असे नाही. पण शिक्षा आधी आणि मोजमाप मागाहून, हा क्रम काही शोभणारा नव्हे. व्यवसायाला स्वतःची पंचायत नसली की निवाडा आधी गर्दी करते आणि मग मंत्रालय. मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडून सात जण गेले. ऑडिटमध्ये तो वापरण्याजोगा ठरला होता, आणि ऑडिटरला अटक झाली. पोलिसांनी त्यांचे काम करावेच. पण खटला उभा राहायलाच वर्षे लागतात, आणि तोवर चुकलेल्या माणसाची सही देशभर थांबवण्याचा अधिकार कुणाकडेच नसतो.

मध्यप्रदेशात प्रमाणपत्राचे नाव काढले की समोरचा व्यापमचा परीक्षा घोटाळा आठवून हसतो, आणि ते रास्तच आहे. आणखी एक परीक्षा म्हणजे आणखी एक दुकान, ही शंका खोटी नाही. पण व्यापममध्ये विकला गेला तो प्रवेश. एकदा आत शिरले की जन्मभर कुणी हटकत नाही, म्हणूनच त्याला एवढा भाव होता. जो दाखला दर काही वर्षांनी नव्याने घ्यावा लागतो, ज्याखाली धारकाने केलेल्या कामांची यादी कुणालाही पाहता येते आणि जो एका सिद्ध झालेल्या गफलतीने रद्द होतो, तोही विकला जाईल; पण त्याला लाखांची बोली लागणार नाही. परीक्षा कडक करण्यापेक्षा दाखला परत घेण्याची सोय आधी उभी करावी, असे आम्हाला वाटते ते यासाठी.

याहून वजनदार आक्षेप मिस्त्रींच्या बाजूने येतो. बैहर-परसवाड्याकडचे कितीतरी हात बांधकामावर नागपूरला, हैदराबादला जातात. त्यांच्यापुढे लेखी पेपर ठेवला तर उत्तम कारागीर बाद होतील आणि पाठांतर करणारे राहतील. हे खरे आहे, म्हणून त्यांची परीक्षा कामावरच व्हावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण मिस्त्री प्रशिक्षणात ४५ दिवस प्रत्यक्ष घर बांधत शिकवतात आणि हातचे काम पाहून दाखला देतात. ही पद्धत जमण्यासारखी आहे. शिवाय गावातली ओळख हैदराबादच्या गाडीत बरोबर येत नाही. तिथे हा माणूस नुसता मजूर ठरतो, हजेरीही मजुराचीच मिळते. दाखला असेल तर त्याला मिस्त्रीचा दर मागता येईल. तरीही सक्ती वरून खाली यावी: आधी सही करणारा इंजिनियर, मग ठेकेदार, आणि मिस्त्रीला तूर्त ऐच्छिक. कमाई सर्वांत कमी असलेल्याच्या गळ्यात पहिला फास घालणे आपल्याकडे फार सोपे असते. खर्च वाढेल या तक्रारीवर जास्त बोलण्यासारखे नाही. टाइल्सच्या निवडीत होणारी ओढाताण पाहता तपासणीची फी कुणाला बुडवणार नाही.

राहिला तो मुद्दा, की नीतिमत्ता संस्कारांतून येते, कागदातून नाही. सत्येंद्र दुबे या इंजिनियरकडे संस्कार होते. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवले, नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही केली. ते गुप्त राहिले नाही, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. परवान्याने खून टळला असता असा दावा कुणी करू नये. पण प्रामाणिक माणसाला रोजच्या लहान लढाईत काहीतरी आधार लागतो. ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, करून टाका सही.’ तेव्हा ‘माझ्या तत्त्वात बसत नाही’ म्हणणारा हेकट ठरतो; ‘माझा परवाना जाईल’ म्हणणाऱ्याशी हुज्जत घालता येत नाही.

संसदेच्या कायद्याला लागायची तेवढी वर्षे लागोत. बांधकाम परवानगीच्या अटी मात्र इथेच लिहिल्या जातात. स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी सळयांचे आणि रिंगांचे फोटो, तपासणाऱ्या इंजिनियरच्या सहीसह जमा करणे, आणि साइटच्या पाटीवर मालकाबरोबर त्या इंजिनियरचे, ठेकेदाराचे व मुख्य मिस्त्रीचे नाव लिहिणे, एवढ्या दोन अटी घालता येण्यासारख्या आहेत. चुकीची सही सापडली तर त्या इंजिनियरचे पुढचे नकाशे वर्षभर स्वीकारू नयेत आणि अशा इंजिनियरांची नावे कार्यालयाच्या फलकावर लावावीत. बालाघाट, वारासिवनी आणि मलाजखंडच्या नगरपालिकांनी येत्या हंगामाच्या परवानग्यांपासूनच सुरुवात करावी.