कपाटाची चावी कोणाकडे?

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि मार्गासनीच्या फाट्यावर माझं बसणं-उठणं वाढलं. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथून साखर-गुंजवण्याचा रस्ता फुटतो, राजगडला जाणारी मंडळी इथे चहाला थांबतात. तालुक्याचं नावही आता वेल्ह्याचं राजगड झालं आहे. त्या दिवसांत फाट्यावर ट्रेकर कमी आणि आमच्या बायाच जास्त दिसत. "काय मावशी, कुठं निघालात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नेटाला." दवाखान्याला जावं, बाजाराला जावं, तसं नेटाला. भातकापणी तोंडावर आलेली, आणि एका-एकीचे तीन-तीन हेलपाटे झालेले.

या केवायसीबद्दल आपण बरंच बोललो आहोत. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा टाकलेल्या बाईने आणि विधवेने काय करायचं, हा प्रश्न सगळ्याच संघटनांनी लावून धरला. ओटीपी येत नाही, पोर्टल चालत नाही, यावर निवेदनं दिली. ते सगळं बरोबरच होतं. मला मात्र आज एका लहानशा गोष्टीबद्दल लिहायचं आहे, जिच्याकडे मी स्वतः इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. ती म्हणजे ग्रामपंचायतीच्या कपाटातला डबा.

खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीत त्या महिन्यात चार दिवस नेट बंद होतं. बाया येत, व्हरांड्यात बसत, परत जात. संगणक परिचालक म्हणून काम करणारी मुलगी बारावीनंतर डिप्लोमा केलेली, हुशार. ती म्हणाली, "ताई, डब्यावर लाल दिवा लागलाय. म्हणजे फायबरमधून उजेड येतच नाहीये." मग बघ ना काय झालंय, मी म्हटलं. तर डबा कुलपात, चावी एका सदस्याकडे, आणि सदस्य लग्नाला गेलेले. राउटरचा पासवर्ड 'त्या साहेबांकडे'. कुठले साहेब, हे कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तालुक्याहून एक मुलगा मोटारसायकलवर आला. त्याने कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, मागे दबून कोनात मुडपलेली पिवळी बारीक वायर सरळ केली. लाल दिवा गेला, हिरवा लागला. दहा मिनिटांचं काम. फायबरची वायर फार मुडपली की आतला उजेड वळणावरच बाहेर निसटतो, पुढे पोचत नाही, एवढाच काय तो बिघाड.

त्या चार दिवसांत किती बायांचा किती रोज बुडाला, याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

एमएसडब्ल्यूला आम्हाला जमीन, जंगल, पाणी ही संसाधनं शिकवली. कोणाचा ताबा, कोणाचे श्रम, कोणाला लाभ, हे तीन प्रश्न विचारायला शिकवले. राउटर कुठल्या पेपरात नव्हता. पण प्रश्न तेच लागू पडतात. रेशनला अंगठा, अंगणवाडीताईचं पोषण ट्रॅकर, आशाताईची माहिती, विधवेच्या पेन्शनचा दाखला, सगळं आता या नाहीतर त्या जाळ्यातून जातं. नेट बंद पडलं की खेटे बाईचे, आणि डब्याला हात लावायची परवानगी मात्र बाप्यांची.

2011 मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात. त्याच 2011 मध्ये महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. बाई सरपंच झाली आणि तिच्या कचेरीत फायबरही येऊ लागलं. पण डबा बसवायला आलेल्यांनी समजावून कोणाला सांगितलं? सरपंचबाईंच्या नवऱ्याला.

मी हे सगळं हिंजवडीत नेटवर्क इंजिनियर असलेल्या एका मैत्रिणीपाशी बोलले. ती म्हणाली, "यातलं अर्धं काम कोणालाही एका दिवसात शिकवता येतं." एका रविवारी ती मार्गासनीला आली. आम्ही अकरा जणी जमलो. तीन परिचालक मुली, दोन अंगणवाडीताई, बाकी बचत गटाच्या. तिने पिशवीतून एक जुना राउटर, एक स्विच आणि वायरचं भेंडोळं काढलं. स्विच म्हणजे गावातल्या गावात चिठ्ठ्या वाटणारा, कोणती चिठ्ठी कोणत्या दारात टाकायची ते ओळखणारा. राउटर म्हणजे टपाल कचेरी, गावाबाहेर जाणारं टपाल कोणत्या वाटेने धाडायचं ते ठरवणारी. आणि फायबरचा डबा उजेडाची भाषा विजेच्या भाषेत बदलून देतो. एवढं कळल्यावर पुढचं भराभर आलं. आधी दिवे बघायचे. मग वायर हलवून बघायची. मग संगणकावरून राउटरला हाक मारायची, त्याला पिंग म्हणतात. राउटरने उत्तर दिलं आणि बाहेरून आलं नाही, तर बिघाड पुढे आहे. राउटरनेच दिलं नाही, तर बिघाड खोलीतच आहे. दाराजवळून सुरुवात करून एकेक पायरी पुढे जायचं. एक मावशी म्हणाल्या, "मग हे नळाचं पाणी कुठं अडलंय ते बघण्यासारखंच की." तसंच आहे.

वायरला क्लिप बसवताना आठ रंगांचा क्रम लागतो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मैत्रीण सांगत होती की तिच्या कॉलेजातल्या मुलांना हा क्रम पाठ व्हायला आठवडा लागला होता. आमच्या गोधडी शिवणाऱ्या काकूंनी तिसऱ्या खेपेला न बघता लावला. (यावरून 'बायकांची बोटं नाजूक असतात' वगैरे कोणी सुरू करू नये. बारीक काम कमी पगारात करून घेण्यासाठी कारखान्यांनी हे फार पूर्वीपासून म्हटलेलं आहे.)

मग तिने एक गंमत केली. एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली. दोन सेकंदांत सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि सगळं ठप्प झालं. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो, दर फेरीला वाढत जातो आणि खऱ्या निरोपाला वाट उरत नाही. परिचालक मुलगी ओरडली, "ताई, हे आमच्याकडे झालं होतं! झाडलोट करताना कोणीतरी लोंबती वायर खोचली होती, दोन दिवस बंद होतं!" मोठ्या जाळ्यांमध्ये हा घोटाळा आपोआप टाळणारी युक्ती असते. कुठे वर्तुळ तयार होतंय ते स्विच आपसांत बोलून ओळखतात आणि जादा वाट तात्पुरती बंद ठेवतात. चालू वाट तुटली की बंद ठेवलेली उघडतात. ही युक्ती 1985 मध्ये रेडिया पर्लमन नावाच्या बाईने शोधली, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना. हे ऐकून खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. राउटरसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या सिस्को कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, सँडी लर्नर, हीसुद्धा बाईच. 1984 मध्ये कंपनी उभी केली, 1990 मध्ये तिला तिथूनच काढून टाकलं गेलं. म्हणजे बाई या कामात नवीन नाही. तिला बाहेर काढणंही नवीन नाही.

आपल्याकडे याआधी असं घडलेलं आहे, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. राजस्थानात तिलोनियाला आणि पुढे उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात खेड्यातल्या बायांनी हातपंप दुरुस्ती शिकून घेतली. तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं, की एवढे जड पाइप बाया उचलणार का? दलित बाईने पंपाला हात लावला तर ते पाणी चालेल का? पंप तेव्हा महिनोन्‌महिने बंद पडून असायचे आणि मेकॅनिक दूर तालुक्याला. पाणी भरणाऱ्या बाईच्या हातात पाना आला, तेव्हा पंपाबरोबर आणखीही पुष्कळ काही हललं. मला राउटरकडे तसं बघावंसं वाटतं.

आणि इथे आपल्याच संघटनांशी थोडं भांडायचं आहे. गेली काही वर्षं आपण 'डिजिटल साक्षरता' शिबिरं घेतो. त्यात काय शिकवतो? फोन कसा उघडायचा, पैसे कसे पाठवायचे, फसवणुकीपासून सावध कसं राहायचं. गरजेचंच आहे. पण त्यात बाई कायम वापरणारी, ग्राहक. बिघडलं की ती पुन्हा व्हरांड्यात. आम्ही स्वतः मागच्या वर्षी अशी शिबिरं घेतली आणि एकातही डबा उघडून दाखवला नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशीनच येते. क्लिप बसवायचा पकड, वायर तपासायचा टेस्टर आणि फायबरमधला उजेड मोजायचं साधं यंत्र, हे सगळं मिळून काही हजारांत येतं. उजेड साधारण उणे 27 च्या खाली घसरला की डबा दम टाकतो, हे त्या यंत्रावर वाचता येतं. मग 'नेट नाही' एवढंच न म्हणता 'तुमची फायबर मागे कुठेतरी तुटली आहे, आमच्या खोलीत बिघाड नाही' असं तालुक्याला ठणकावून सांगता येतं. रस्तारुंदीच्या खोदकामात फायबर तुटणं हे तर नित्याचंच झालं आहे.

याचा धागा घरातही जातो, म्हणून थोडं विषयांतर. समुपदेशनाला आलेल्या एका बाईने सांगितलं, घरात वायफाय आहे, सासू-सासरे, दीर सगळ्यांचं चालतं, रात्री नऊनंतर फक्त तिच्या फोनचं बंद होतं. तिला वाटायचं फोन खराब आहे. नवऱ्याने राउटरमध्ये तिच्या फोनपुरती वेळ लावून ठेवली होती. माहेरच्यांचा फोन नऊनंतरच यायचा. तिच्या फोनमध्ये रिचार्ज मारायचं नाही हेही त्यानेच ठरवलेलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या तिसऱ्या कलमात आर्थिक अत्याचाराची व्याख्या आहे. घरातल्या नात्यामुळे जी साधनं-सोयी वापरायचा बाईला हक्क आहे, त्यांना आडकाठी करणं त्यात येतं. माझ्या मते हे प्रकरण त्यात बसतं, आणि संरक्षण अधिकाऱ्यांपुढे तसं मांडायला हवं. पण मांडायचं तर आधी आपल्याला कळायला हवं की राउटरमध्ये असं करता येतं. मला स्वतःला त्या रविवारपर्यंत कळत नव्हतं.

आता नोकरीचं. आमच्या अकरा जणींतल्या एकीला हे काम पोटापाण्यासाठी करायचं आहे. सीसीएनए नावाची परीक्षा असते, तिची फी सुमारे 300 डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. तिच्या घरी भातावर वर्ष निघतं. मैत्रिणीने तिला खरं तेच सांगितलं. जाळ्यातले मोठे बदल लोक झोपल्यावर करतात, त्यामुळे रात्रपाळी चुकत नाही. मुलाखतीत 'लग्न कधी?' विचारतात. 'साइटवर खांबापर्यंत मुलगी पाठवायची म्हणजे जबाबदारी' असं म्हणून टेबलावरचं काम देतात आणि मग 'तुला फिल्डचा अनुभव नाही' म्हणून बढती देत नाहीत. 2007 मध्ये पुण्यात एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीच्याच गाडीच्या चालकाने अत्याचार करून तिचा खून केला, ते इथल्या आयाबाया विसरलेल्या नाहीत. रात्री सुरक्षित ने-आण हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही, कामाच्या अटींचा आहे. भीती खरी आहे, पण तिचं उत्तर मुलीला घरी बसवणं कसं असेल?

दुसरी भीती मला आपल्याच मागणीची वाटते. हे काम बायांकडे आलं की ते 'सेवा' होईल आणि पगाराऐवजी मानधन होईल. आशा, अंगणवाडी, परिचालक, तिन्हीकडे आपण हेच पाहिलं. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले निकामी फोन परत केले होते. काम ऑनलाइन करा म्हणायचं आणि चालणारा फोन द्यायचा नाही, याला तो जबाब होता. म्हणून देखभालीचं काम मागताना दर, प्रवासखर्च, विमा आणि अवजारं आधी लिहून मागायला हवीत. भारतनेटमध्ये आता स्थानिक उद्यमींना घरोघर जोडणी आणि देखभालीचं काम उत्पन्नातल्या वाट्यावर देण्याची पद्धत आहे. ते बचत गटाच्या संघाला का मिळू नये? 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी करायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. पावसात दरड आली की ज्यांचा एकुलता एक रस्ता बंद होतो, त्या वस्त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे. आमच्या खोऱ्यातल्या त्या गावात परिचालक मुलीने आणि गोधडीवाल्या काकूंनी मिळून तीन ओळींचा ठराव लिहिला आहे. कपाटाची एक चावी परिचालकाकडे असावी. राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात सरपंचांच्या ताब्यात असावा. नेट किती वेळ बंद होतं आणि का, याची तारीखवार वही व्हरांड्यात टांगावी. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) म्हणाले, पासवर्डचं बघू, वही कशाला? काकू म्हणाल्या, वही आधी. वही आणली आहे, शंभर पानी, दोरा ओवून. ज्या गटांना अशी वही सुरू करायची आहे त्यांनी आम्हाला कळवावं. रकाने कसे आखले ते पाठवू, आणि मैत्रिणीने आणखी दोन रविवार देऊ केले आहेत.