पोरांना पंधरा मिनिटं द्या की!

मंडळी, नगरमधल्या एखाद्या पोराने स्टँडअप करतो म्हटलं, की सल्ला ठरलेला: "पुण्याला जा, इथं काय ठेवलंय?"

लक्ष्मण देशपांडे आठवून बघा. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा माणूस. १९७९ मध्ये 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन उभा राहिला. स्टेजवर एकटा, हातात एक उपरणं, पात्रं ५२ आणि बोली अस्सल मराठवाड्याची. पुढे हजारो प्रयोग झाले, परदेशातही झाले. सुरुवात मात्र आपल्या शेजारच्या गावातली.

आपले सदाशिव अमरापूरकर तरी कुठं घडले? नगरच्या नाटकांतच. 'अर्धसत्य' १९८३ चा, म्हणजे नंतरचा.

हसवणं खोलीत बसून जमत नाही. पहिले दहा-वीस कार्यक्रम पडतातच. कुठं हशा येतो, कुठं लोक मोबाईल काढतात, हे समोर माणसं असल्याशिवाय कळत नाही. पुण्याचं भाडं, राहणं परवडतं त्यालाच तिथं पडायला मिळतं. शेवगाव-पाथर्डीच्या पोराने काय करायचं?

म्हणून मंडळांना आणि यात्रा कमिट्यांना एकच सांगणं. डीजेला, बाहेरच्या ऑर्केस्ट्राला पैसे देता ना? त्याआधी पंधरा मिनिटं गावच्या पोराला, पोरीलाही द्या. थोडं मानधन द्या. आणि गावच्या पुढाऱ्यावर एखादा विनोद झाला, तर लगेच माईक काढून घेऊ नका.

तुमच्या गावात आहे का कुणी असं? कमेंटमध्ये सांगा.