चितपटीची शिट्टी वाजल्यावर दाद कोणाकडे?

अहिल्यानगर येथे 2 फेब्रुवारी 2025 रोजी महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील अंतिम कुस्तीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने नांदेडच्या शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षेचा दावा होता. दाद लागत नाही असे दिसताच त्याने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पुढे चौकशीअंती संबंधित पंचही निलंबित झाला. शिक्षा दोघांना झाली, पण निर्णय पटला नाही तर आखाड्यातच दाद कशी मागायची, हा मूळ प्रश्न त्यातून सुटत नाही.

गुणांच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत सोय आहे. मल्लाचा प्रशिक्षक स्पंजसारखी मऊ वस्तू गादीवर टाकून आव्हान देतो. मल्लाची संमती असल्यास चित्रफीत तपासली जाते. आव्हान फेटाळले गेले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. आक्षेपाला अशी किंमत असल्याने तो ऊठसूट घेतला जात नाही. चितपटीचे मात्र वेगळे आहे. शिट्टी वाजली की कुस्तीच संपते. म्हणूनच मुख्य पंचाने शिट्टीपूर्वी बाजूच्या पंचाची किंवा गादीप्रमुखाची संमती घेणे नियमाने आवश्यक आहे. ही पायरी सर्वांना दिसेल अशी पाळली गेली नाही, तर संशयाला जागा उरतेच.

बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक आणि कर्णधार पंचांशी बोलू शकतात. मात्र चेंडू खेळाबाहेर आणि घड्याळ थांबलेले असतानाच, तेही सभ्य भाषेत. गैरवर्तनाबद्दल प्रशिक्षकावर दोन तांत्रिक फाउल झाले, की त्याला मैदान सोडावे लागते. तेथे बोलण्याची मुभा आणि तिची मर्यादा दोन्ही ठरलेल्या आहेत.

मराठवाड्याच्या मल्लांना संयम ठाऊक नाही, असे नव्हे. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत लातूरचा शैलेश शेळके अंतिम कुस्ती हरला, तेव्हा विजेत्या हर्षवर्धन सदगीरने त्याला खांद्यावर उचलून घेतले. दोघेही लातूर जिल्ह्यातून आलेल्या अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांचे शिष्य. राक्षेही त्यांच्याच तालमीत घडलेला. तरीही वर्षभराची मेहनत एका शिट्टीवर अवलंबून असताना सारा भार मल्लाच्या संयमावर टाकणे योग्य नाही. पंचावर हात उचलणे अक्षम्यच आहे. पण विजेत्याचा हात उंचावण्यापूर्वी चित्रफीत पाहणे आणि प्रशिक्षकाला कारण सांगणे, एवढी दोन मिनिटे संयोजकांना परवडायला हवीत.