लगाम कोणाच्या हाती?

सन १५२२. माँतसेरातच्या वाटेवर खेचरावरून निघालेल्या इग्नेशियस लोयोलाला एक मूर वाटसरू भेटला. पवित्र मरियेच्या अखंड कौमार्याविषयी शंका काढून तो पुढे निघून गेला. इग्नेशियसच्या मनात संताप उसळला. त्याला गाठून खंजीर खुपसावा काय? निर्णय होईना. तेव्हा वाट फुटते तेथे त्याने लगाम सैल सोडला. मुराच्या गावाकडे जाणारी रुंद वाट सोडून खेचर राजरस्त्याने गेले आणि एक खून टळला. तेव्हाचे आपले मन सेवेच्या इच्छेने भरलेले असले तरी आंधळे होते, अशी कबुली या संताने उतारवयात दिली.

ते खेचर आमच्या धर्मग्रामांतून अद्याप फिरते आहे, याचा आम्हांस खेद वाटतो. वाडी विकावी की राखावी, मुलीचे स्थळ स्वीकारावे की नाकारावे, असा पेच पडला की डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचे. पुढे निर्णय फसला की ‘देवाची इच्छा!’ ही श्रद्धा नव्हे. जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

भावनांनाच पाप ठरवणारेही तितकेच चुकतात. लाजराच्या कबरीपाशी प्रभू रडला. मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर त्याने आसूड उगारला. भावना स्वतः बऱ्या किंवा वाईट नसतात, विवेकाच्या अधीन झाल्या की त्या सद्गुणाला बळ देतात, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात.

इग्नेशियसही पुढे हेच शिकला. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात खेचराला स्थान नाही. मन अंधारलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. मन शांत असताना लाभ-हानी मांडावी. अनोळखी माणसाला आपण याबाबत काय सल्ला दिला असता, मरणसमयी कोणता निर्णय केलेला बरा वाटेल, हे पाहावे. आणि ठरलेली गोष्ट प्रार्थनेत देवापुढे ठेवावी, असे तो सांगतो.

खेचराने वाट बरोबरच धरली होती, असे कोणी म्हणेल. धरली खरी, ती देवाची दया. परंतु त्या दयेची परीक्षा पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूने याच कारणासाठी नकार दिला होता. घरात मोठा प्रश्न उभा राहील तेव्हा बायबल अवश्य उघडावे. मात्र डोळे उघडे ठेवून.